१७ मुलगे आणि ४ पुरुष : मेंटॉर शोधण्याचं एक वर्ष

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातात एक निळी फाइल आली. मी ज्या छोट्या मेंटॉरिंग उपक्रमात काम करते, तिथल्या आधीच्या समन्वयक ताईंनी ती देताना एवढंच म्हटलं, "शेवटचं पान आधी बघ." शेवटच्या पानावर प्रतीक्षायादी होती. २३ मुलं. त्यांतल्या मुली ६, मुलगे १७. आणि आमच्याकडे त्या वेळी काम करत असलेले मेंटॉर होते २३, त्यांत बायका १९ आणि पुरुष ४.

आमच्या उपक्रमाचं स्वरूप साधं आहे. ज्या मुलांच्या घरी आई किंवा बाबा नाहीत, आजारपण आहे, कोणी तुरुंगात आहे, किंवा घर चालवणाऱ्या एकट्या माणसाला श्वास घ्यायला वेळ नाही, अशा मुलांना एक मोठं माणूस मिळतं, तोच त्याचा मेंटॉर. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास भेट, किमान एक वर्ष. शिकवणी नाही, आर्थिक मदत नाही. फक्त ठरल्या वेळी येणारं, त्या एकाच मुलासाठी येणारं माणूस. वाचायला सोपं वाटतं. असं माणूस मिळवणं किती अवघड आहे हे मला फाइल हातात घेतल्यावर कळलं. हे काम कोणी नव्याने अंगावर घेत असेल तर त्याला माझ्यासारखं चार महिने अंधारात चाचपडावं लागू नये, म्हणून लिहिते आहे.

मुलग्याला बाई मेंटॉर का चालत नाही, असं बरेच जण विचारतात. चालते. आमच्याकडे लहान मुलग्यांच्या काही चांगल्या जोड्या ताईंबरोबर आहेत. पण त्या १७ जणांपैकी बहुतेकांच्या पालकांनी अर्जात "पुरुष असावा" असं मुद्दाम लिहिलं होतं, आणि मोठ्या मुलग्यांनी स्वतः तसं सांगितलं होतं. घरी आई, शाळेत बाई, आमच्याकडे ताई. दाढी कशी करायची, राग आला की मोठी पुरुष माणसं काय करतात, रडतात का, हे विचारायला त्यांच्या आयुष्यात कोणीच नव्हतं. ही अडचण फक्त आमची नाही. मुलांना मेंटॉर जोडून देणाऱ्या अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्ससारख्या जुन्या, मोठ्या संस्थेलाही पुरुष स्वयंसेवक कमी पडतात आणि मुलगे जास्त काळ ताटकळतात.

यादीत ९ वर्षांचा एक मुलगा होता. तो दर शनिवारी आमच्या वाचनवर्गाला यायचा आणि वर्ग सुटला की माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचा, "माझं नाव आलं का?" पहिल्या शनिवारी मी "लवकरच" म्हणाले. तसं म्हणायला नको होतं. नंतर मी त्याला खरं सांगायला लागले, "अजून नाही. शोधते आहे." त्याला ते जास्त पटायचं असं वाटतं. तो मान हलवून निघून जायचा.

जून आणि जुलै मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. पोस्टर काढलं, त्यावर हसऱ्या मुलांचं चित्र आणि "एका मुलाचं आयुष्य बदला" असं वाक्य. ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ते टाकलं. एका रविवारी संध्याकाळी सभागृह मिळवून माहितीसभा घेतली. ३१ जण आले. २६ बायका, ५ पुरुष. त्या ५ पैकी ३ जण बायकोला सोडायला आले होते आणि मागच्या खुर्च्यांवर बसून राहिले. सभेनंतर ९ अर्ज आले, नऊच्या नऊ बायकांचे. मुलींची यादी ऑगस्टपर्यंत जवळजवळ संपली. त्याचा आनंद होता. पण मुलग्यांच्या यादीतलं एकही नाव हललं नाही.

ऑगस्टमध्ये मी पोस्टर बाजूला ठेवलं आणि एक वही घेतली. ओळखीच्या, अर्धओळखीच्या २० पुरुषांना गाठून एकच प्रश्न विचारला, "तुम्ही हे करायला का तयार होणार नाही?" तयार व्हा, अशी गळ कोणालाही घातली नाही. फक्त ऐकलं आणि लिहिलं. या महिन्यात एकही मेंटॉर मिळाला नाही, पण वर्षभरातला माझा सगळ्यात उपयोगी महिना तोच.

वेळ नाही, हे बहुतेकांनी आधी सांगितलं. पण थोडं थांबलं की त्याखालचं दुसरं काहीतरी वर यायचं. एका बँकेतल्या गृहस्थांनी सांगितलं, "मला मुलांशी बोलता येत नाही. माझ्या स्वतःच्या मुलाशी धड बोललो नाही मी." दोघांना वाटत होतं की मेंटॉर म्हणजे यशस्वी माणूस, भाषण देणारा, आपण काय सांगणार? एक जण म्हणाला की माझ्याकडून पैशाची अपेक्षा होईल आणि मला नाही म्हणता येणार नाही. आणि सात जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत, आवाज खाली आणून एकच गोष्ट सांगितली : परक्या मुलाबरोबर एकटा पुरुष दिसला की लोक वेगळ्या नजरेने बघतात. उद्या कोणी काही आरोप केला तर?

ही सातवी-आठवी नोंद लिहिताना मला पोस्टरची चूक दिसली. "आयुष्य बदला" हे वाक्य आधीच घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर आणखी एक ओझं ठेवत होतं. त्याला आयुष्य बदलायचं नव्हतं, त्याला हे जाणून घ्यायचं होतं की शनिवारी चार वाजता नेमकं काय करायचं, कुठे करायचं, आणि आपली अब्रू सुरक्षित आहे का. त्यातलं एकही उत्तर पोस्टरवर नव्हतं.

त्याच सुमारास मी मेंटॉरिंगच्या चळवळीचा जुना इतिहास वाचला. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कोल्टर नावाचे एक कारकून होते. न्यायालयात येणारी मुलं त्यांना रोज दिसत. एका चर्चच्या पुरुष मंडळापुढे बोलताना त्यांनी समाजातल्या बालगुन्हेगारीवर व्याख्यान दिलं नाही. सुधारगृहाच्या वाटेवर असलेल्या एका मुलाची हकिगत सांगितली आणि समोरच्या प्रत्येकाने एकेका मुलाचा मोठा भाऊ व्हावं असं मागणं केलं. जवळपास ४० जण तयार झाले. पुढे त्यातूनच बिग ब्रदर्स चळवळ उभी राहिली. मला त्यातली दोन गोष्टींची सांगड महत्त्वाची वाटली : एक मुलगा, आणि समोर बसलेल्या पुरुषांना तोंडावर विचारलेला प्रश्न. मी दोन महिने सगळ्या मुलांसाठी सगळ्या जगाला विचारत होते.

सप्टेंबरमध्ये मी आमच्या चार पुरुष मेंटॉरांना एकत्र बसवलं. त्यांना सांगितलं की यापुढे पुरुषांना मी विचारणार नाही, तुम्ही विचारायचं. प्रत्येकाने तीन नावं काढायची. अट एकच : त्या माणसाच्या हाती आपलं स्वतःचं मूल दोन तास निश्चिंतपणे सोपवाल का? त्यांतल्या एका काकांनी दुसरंच नाव काढलं होतं, ते लिहिता लिहिता खोडलं आणि बराच वेळ विचार करून वेगळं लिहिलं. १२ नावं झाली.

विचारायचं वाक्यही आम्ही बसून ठरवलं. "आमच्याकडे ११ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला सायकली उघडून परत जोडायला आवडतात, घरी त्याच्याबरोबर बसायला कोणी नाही. तू सायकल दुरुस्त करतोस म्हणून तुझं नाव डोक्यात आलं. १२ तारखेला संध्याकाळी फक्त ऐकायला ये." मुलाचं नाव नाही, शाळा नाही, घर नाही, ओळख पटेल असं काहीही नाही. यात कधीही ढिलाई करू नये. मुलाची अडचण सांगण्याऐवजी त्याची आवड सांगायची, हे आम्ही तेव्हापासून पाळतो. कीव येऊन आलेला माणूस फार दिवस टिकत नाही, हे मी आधीही पाहिलं होतं.

१२ ऑक्टोबरच्या बैठकीला १४ पुरुष आले, दोघे आपापल्या मित्राला घेऊन आले होते. मी प्रास्ताविक दोन मिनिटांत संपवलं आणि मागे जाऊन बसले. तीन वर्षं मेंटॉर असलेल्या एका दादाने वीस मिनिटं बोलायचं होतं. तो पहिल्यांदा त्याच्या पहिल्या पाच भेटींबद्दल बोलला, ज्यांत त्याचा मुलगा एकूण दहा वाक्यंसुद्धा बोलला नव्हता. मग तो म्हणाला, "सहाव्या भेटीला मला यायला दहा मिनिटं उशीर झाला. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मला बघून वळला आणि आत गेला, जणू वाट बघतच नव्हता." त्यानंतर खोलीत कोणी बराच वेळ बोललं नाही. ११ जणांनी अर्ज नेले, ९ जणांनी भरून दिले.

आता कागदपत्रांबद्दल सविस्तर लिहिते, कारण माणसं इथेच गळतात.

अर्ज चार पानी आहे. राहत्या आणि आधीच्या पत्त्यांची माहिती, नोकरी, मुलांबरोबर केलेलं काम, एक वर्ष देण्याची लेखी तयारी. ओळखीच्या तीन व्यक्तींची नावं द्यावी लागतात, त्यांतली एक कामाच्या ठिकाणची आणि एक तरी नात्याबाहेरची. त्या तिघांशी आम्ही प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलतो. लेखी पत्रावर कधीच थांबत नाही, कारण पत्रात सगळेच सज्जन असतात. "ही व्यक्ती चिडली की काय करते?" आणि "हिच्याकडे तुमचं मूल सोपवाल का?" हे दोन प्रश्न ठरलेले आहेत. उत्तराइतकंच उत्तराआधीच्या थांबण्याकडे लक्ष द्यावं लागतं. मग पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. मग दोन जणांनी मिळून घेतलेली तास-सव्वा तासाची मुलाखत. मग एक घरभेट. आमच्या भेटी सार्वजनिक जागीच होतात, मूल मेंटॉरच्या घरी जात नाही. तरीही माणूस कुठे, कोणाबरोबर राहतो हे आम्ही बघतो.

दाखल्याला लागणारा वेळ कोणाच्याच हातात नसतो. एकाचा ९ दिवसांत आला. दुसऱ्याच्या ओळखपत्रावरचा पत्ता जुना होता, त्यामुळे त्याला दोनदा फेरी पडली आणि ७ आठवडे गेले. तेव्हापासून अर्ज देतानाच मी पत्ता जुळतो का ते तपासते, नसेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यायला सांगते. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. दाखल्याचं शुल्क उपक्रमाने भरावं असं माझं ठाम मत आहे. रक्कम मोठी नसते, पण आपला वेळ द्यायला आलेल्या माणसाला "आधी शुल्क भरा" हे ऐकताना वाईट वाटतं.

ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती होती, ती उलटीच निघाली. मला वाटलं होतं एवढी पडताळणी बघून पुरुष दुखावतील. ज्यांना लोकांच्या नजरेची धास्ती होती तेच सगळ्यात निवांत झाले. एक जण म्हणाला, "म्हणजे मी इथे उभा आहे तो तपासून उभा आहे, असं कोणालाही सांगता येईल." भेटी उघड्यावर, वेळ ठरलेली, प्रत्येक भेटीची चार ओळींची नोंद, समन्वयकाचा दर महिन्याला फोन. हे सगळं मुलासाठी आहेच, पण त्या माणसालाही त्याचा आधार असतो. आता पहिल्या बैठकीतच मी हे मोकळेपणाने सांगते.

नऊपैकी एकाने दाखल्याच्या टप्प्यावर स्वतःहून माघार घेतली. कारण विचारलं नाही.

दुसऱ्याला मी गमावलं, आणि तो दोष पूर्णपणे माझा. अर्ज चांगला, तिन्ही ओळखीच्यांशी बोलणं चांगलं झालेलं. मग दाखल्याची वाट बघण्यात पाच आठवडे गेले आणि त्या काळात मी त्याला एकही फोन केला नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. सहाव्या आठवड्यात फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला मी पसंत पडलो नाही." त्याने त्याचे शनिवार दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकले होते. आता दर शुक्रवारी प्रक्रियेतल्या प्रत्येकाला माझा निरोप जातो. काही घडलं नसेल तर "या आठवड्यात काही घडलं नाही, तुमचा दाखला अजून यायचा आहे" एवढाच. यासाठी आठवड्याला माझी वीस मिनिटं जातात.

आणि एकाला आम्ही नाकारलं. यावर लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. माणूस उत्साही होता, बोलका, मुलं त्याला लगेच चिकटतील असा. पण त्याला पडताळणी संपायच्या आतच मुलाला भेटायचं होतं. भेट उघड्यावरच का, मुक्कामी सहलीला का नेता येत नाही, हे त्याने तीन वेळा विचारलं आणि तिसऱ्या वेळी चिडला. त्याने दिलेल्या एका नावाने फोनवर प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही, विषय बदलला. मुलाखत घेणाऱ्या आम्ही दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या कागदावर आपलं मत लिहिलं. दोन्हीवर "नाही" होतं. त्याने काही गैर केलं असेल असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण नियम वाकवायला सांगणारा, मुलापर्यंत पोहोचायची घाई असणारा माणूस आपण घेऊ शकत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. यादीत १७ मुलगे होते आणि मी एका तयार पुरुषाला परत पाठवत होते. पुरुष कमी आहेत म्हणून चाळणीची भोकं मोठी करण्याचा मोह होतो, हे मी स्वतः अनुभवलं. मोह होणार हे आधीच ठाऊक असलं तर सावरता येतं, म्हणून सांगते.

नकाराचं वाक्य आधी लिहून ठेवावं. आमचं असं आहे : "या कामासाठी आम्ही तुमची निवड करू शकत नाही. निवडीच्या कारणांची चर्चा आम्ही कोणाशीच करत नाही. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार." त्यात भर घालायची नाही, समजूत घालायची नाही.

जानेवारीत उरलेल्या ६ जणांचं प्रशिक्षण झालं. दोन शनिवार, तीन-तीन तास. भेटवस्तूंची मर्यादा, मुलाचा फोटो कुठेही न टाकणं, मुलाशी खाजगी चॅट न करणं, हे झपाट्याने झालं. वेळ लागला तो एका प्रसंगाला : मुलाने विचारलं, "एक गोष्ट सांगतो, पण कोणाला सांगणार नाही ना?" तर काय म्हणायचं? सहाही जणांनी सरावात "नाही सांगणार" असं म्हटलं. अगदी आपसूक. ते म्हणायचं नसतं. कारण मुलाला कोणी इजा करत असेल, तर ते सांगावंच लागतं, आणि मग मोठ्या माणसाने आणखी एक शब्द मोडलेला असतो. म्हणायचं ते असं : "तू सांग, मी ऐकतो आहे. पण तुला धोका आहे असं वाटलं तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल, आणि ते मी तुला विश्वासात घेऊन करेन." मग खोदून विचारायचं नाही, त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत लिहून काढायचं, त्याच दिवशी समन्वयकाला कळवायचं. हे आम्ही चार वेळा करून घेतलं.

दुसऱ्या शनिवारी चहाच्या सुट्टीआधी एकाने विचारलं, "मुलगा रडायला लागला तर त्याच्या पाठीवर हात ठेवायचा का?" बाकीचे पाच जण एकदम माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांच्याच मनात तो प्रश्न होता. मी सांगितलं की त्याला विचारा, "हात ठेवू का?" तो हो म्हणाला तर ठेवा, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्याने अंग आक्रसलं की काढून घ्या. नाही म्हणाला तर शेजारी बसून राहा. त्या माणसाने हे वहीत लिहून घेतलं. मला त्या क्षणी फार भरून आलं. पाठीवर हात ठेवायचा की नाही याची पुरुषांना किती धास्ती असते, आणि त्यामुळे किती पाठी तशाच राहून जातात.

फेब्रुवारीत जोड्या लावल्या. आम्ही बघतो ते अंतर (दोघांना भेटीच्या जागी पोहोचायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर जोडी ढासळते), आवडी, स्वभाव आणि पालकांची इच्छा. मेंटॉरची माहिती आधी पालकाला दिली जाते, मग मुलाला, आणि दोघांनाही नाही म्हणायचा हक्क असतो. एका आईने मला सांगितलं, "त्याला समजावणारी माणसं पुष्कळ आहेत हो. त्याचं ऐकणारं कोणी असेल तर द्या." अमेरिकेत १९९५ साली पब्लिक/प्रायव्हेट व्हेंचर्स या संशोधन संस्थेने अशा जोड्यांचा जवळून अभ्यास केला, तेव्हा हेच दिसलं होतं. मुलाला सुधारायचं ठरवून आलेल्या मेंटॉरांच्या जोड्या बहुतांशी लवकर मोडल्या. मुलाच्या कलाने घेणारे, आधी मैत्री होऊ देणारे टिकले. ते मी प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण त्या आईचं वाक्य आता त्याआधी सांगते.

त्याच वर्षी त्याच संस्थेचा आणखी एक मोठा अभ्यास आला. १० ते १६ वयाच्या मुलांची दोन गटांत विभागणी केली होती; एका गटाला मेंटॉर मिळाला, दुसरा दीड वर्ष प्रतीक्षायादीत राहिला. मेंटॉर मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना सुरुवात करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारूला सुरुवात करण्याचं २७ टक्क्यांनी कमी आढळलं. लोक हे आकडे उपक्रमाची बाजू मांडायला वापरतात, मीही वापरते. पण मला ते वाचताना दुसरा गट दिसतो. ज्यांच्याशी तुलना झाली ती मुलं यादीत होती. यादीत असणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे, त्या दीड वर्षात त्यांचंही आयुष्य चालूच होतं.

पहिल्या भेटीला समन्वयक आणि पालक दोघंही हजर असतात. सार्वजनिक वाचनालय, चाळीस मिनिटं, मध्ये काहीतरी हाताला करायला. आम्ही बुद्धिबळाचा पट किंवा जोडकामाचा डबा ठेवतो, कारण समोरासमोर बसून बोलायला लावलं की मुलगे गप्प होतात; शेजारी बसून हात चालू असले की हळूहळू बोलतात. सायकलवाल्या ११ वर्षांच्या मुलाची पहिली भेट पूर्ण शांततेत गेली. दुसऱ्या दिवशी मेंटॉरचा फोन, "जमलं नाही बहुतेक. माझ्याकडे बघतही नव्हता." मी त्याच्या आईला फोन केला तेव्हा कळलं की मुलाने रात्री झोपताना दोनदा विचारलं होतं, "ते शनिवारी परत येणार आहेत का?" हे मी मेंटॉरला लगेच कळवलं. पहिल्या दोन महिन्यांत हा दुवा आपण व्हावं लागतं. मुलं मेंटॉरला काही दाखवत नाहीत, घरी दाखवतात, आणि मधलं कोणी सांगितलं नाही तर माणूस हिरमुसून निघून जातो.

एप्रिलपर्यंत सहा जोड्या झाल्या. ९ वर्षांच्या त्या मुलाचं नाव त्यात होतं.

मग जूनच्या सुरुवातीला एक जोडी मोडली. मेंटॉरची बदली दुसऱ्या गावी झाली, त्याच्या हातात काही नव्हतं. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली दाखवून दिलं आहे की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्यांचा मुलांना सगळ्यात जास्त फायदा होतो आणि तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या नात्यांनंतर मुलांचा स्वतःबद्दलचा आदर घसरतो. आमची जोडी चौथ्या महिन्यात होती. मी मेंटॉरला सांगितलं की फोनवर नाही, निरोप पाठवून नाही, समोर बसून सांगायचं, आणि तीन आठवडे आधी. "अधूनमधून येत जाईन" असं नक्की ठाऊक असल्याशिवाय म्हणायचं नाही.

मी त्या भेटीला थोड्या अंतरावर बसले होते. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी काही केलं का?" मेंटॉर खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "तू काहीही केलेलं नाहीस. माझं काम दुसरीकडे गेलं. मला इथे राहता आलं असतं तर मी शनिवारी आलो असतो." हेच त्याने पुढच्या तिन्ही भेटींत पुन्हा सांगितलं, कारण मुलाने पुन्हा विचारलं. शेवटच्या भेटीत दोघांनी मिळून भेटींच्या नोंदी वाचल्या, प्रत्येक तारखेला काय केलं होतं ते. तो मुलगा आता परत यादीत आहे, पण सगळ्यात वर. मुलाखतीत आम्ही आता स्पष्ट विचारतो : येत्या वर्षभरात नोकरी, घर, गाव बदलण्याची शक्यता आहे का? असेल तर नाही म्हणत नाही, थांबा म्हणतो.

मार्चमध्ये पुरुषांची दुसरी बैठक घेतली होती. या वेळी विचारणाऱ्यांत नवे सहा जणही होते. त्यातून ४ जोड्या झाल्या. अर्जापासून पहिल्या भेटीपर्यंतचा वेळ पहिल्या खेपेला १७ आठवडे होता, दुसऱ्या खेपेला ११ वर आला. चाळणी तीच ठेवली. पण ओळखीच्यांशी बोलणं, मुलाखत आणि दाखला एकापाठोपाठ न ठेवता एकाच वेळी सुरू केलं, आणि प्रशिक्षणासाठी सगळी तुकडी जमायची वाट बघितली नाही.

वर्ष संपताना मुलग्यांच्या यादीतली १७ मधली ८ नावं उरली आणि ३ नवी आली. म्हणजे ११.

त्यातला सगळ्यात जुना १३ वर्षांचा आहे. तो दोन वर्षं थांबला आहे. त्याचं घर आमच्या बाकी सगळ्या मेंटॉरांपासून लांब, एका टोकाला, आणि दोनदा माणूस मिळूनही अंतरामुळे जोडी होऊ शकली नाही. तो आता मला काही विचारत नाही. त्याला रेडिओ दुरुस्त करायला आवडतं, जुन्या यंत्रांचे आवाज काढून दाखवतो. गेल्या आठवड्यात दोन नवे अर्ज आले. त्यांतला एक जण त्याच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहतो. त्याच्या ओळखीच्या तिघांपैकी दोघांशी बोलून झालं आहे, तिसऱ्यांना उद्या सकाळी फोन करायचा आहे, मुलाखत गुरुवारी. मुलाला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.